बंद दालनातील वकिली

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात आपली गाठ एका वकिलाशी पडते. त्याचे नाव तिर्तुल्ल. महायाजक हनन्या आणि काही वडील मंडळी संत पौलाविरुद्ध फिर्याद घेऊन कैसरियास सुभेदार फेलिक्ससमोर आली, तेव्हा त्यांनी हा वाक्पटू गृहस्थ सोबत आणला होता. त्याने आरंभी सुभेदाराची मनसोक्त स्तुती केली. त्याच्या कारकिर्दीत प्रजेला लाभलेली शांतता, त्याच्या दूरदृष्टीने झालेल्या सुधारणा यांचे गोडवे गायले. आणि मग पौलावर आरोपांची सरबत्ती केली. तिर्तुल्लाविषयी वाचकाचे मत फारसे अनुकूल होत नाही. तथापि एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. तो जे काही बोलला ते पौलाच्या देखत बोलला. त्याचे भाषण संपताच सुभेदाराने पौलाला खुणावले आणि पौलाने आरोपांचे एकेक करून उत्तर दिले.

पुढच्या अध्यायात चित्र पालटते. फेलिक्सच्या जागी फेस्त आला. तो यरुशलेमेस गेला असता तीच प्रमुख मंडळी त्याला भेटली आणि पौलाला यरुशलेमेस पाठवून देण्याची मेहेरबानी त्यांनी मागितली. वाटेत दबा धरून त्याला ठार मारण्याचा त्यांचा बेत होता. फेस्ताने ती विनंती तेव्हा मान्य केली नाही. पुढे अग्रिप्पा राजाला ही हकीकत सांगताना तो म्हणतो की, आरोपी आणि वादी समोरासमोर आल्यावाचून आणि आरोपीला प्रत्युत्तराची संधी मिळाल्यावाचून कोणालाही स्वाधीन करण्याची रोमी लोकांची रीत नाही.

माणसे तीच, अधिकारपद तेच, उद्देशही तोच. एकदा ती वकील घेऊन उघड्या न्यायासनासमोर आली, दुसऱ्यांदा अधिकाऱ्याच्या कानाशी लागली. या दोन भेटींमध्ये जो फरक आहे, तोच प्रस्तुत लेखाचा विषय होय. आपल्या काळात वकिलांच्या मोठमोठ्या पेढ्या न्यायालयाबरोबरच मंत्रालयांच्या दालनांतही आपल्या अशिलांसाठी वावरू लागल्या आहेत. कायद्याचा अर्थ लावून देण्याबरोबर कायदा घडवून आणून देणे, बदलून देणे, लांबणीवर टाकून देणे, हेही त्या आपले काम समजतात. हे काम नीतीच्या कसोटीला उतरते काय? उतरत असेल तर कोणत्या अटींवर?

ओसरीवरचा व्यवसाय

'लॉबी' या इंग्रजी शब्दाचा एक अर्थ सभागृहाबाहेरची ओसरी. आत-बाहेर करणाऱ्या लोकप्रतिनिधींना तेथे गाठून त्यांच्या कानावर आपले म्हणणे घालणे, ते 'लॉबिंग'. अमेरिकेच्या राजधानीत हा एक रीतसर धंदा झाला असून त्यात एकिन गंप, पॅटन बॉग्ज यांसारख्या वकिली पेढ्या वर्षानुवर्षे अग्रभागी राहिल्या. (यांपैकी दुसरी २०१४ साली अन्य पेढीत विलीन झाली.) परकीय सरकारांसाठी असे काम करणाऱ्यांनी आपली नोंद करावी, असा कायदा तेथे १९३८ साली झाला, देशांतर्गत अशिलांसाठी काम करणाऱ्यांनी अशिलाचे नाव, विषय आणि मिळालेली रक्कम जाहीर करावी, असा व्यापक कायदा १९९५ साली झाला. आपले सरकारही या व्यवसायापासून अलिप्त राहिलेले नाही. अणुकराराच्या वाटाघाटी चालू असताना, २००५ साली, वॉशिंग्टनमधील भारतीय दूतावासाने ज्यांची मदत घेतली त्यांत व्हेनेबल ही वकिली पेढी होती.

अशी पेढी नेमके काय करते? लाचेची पाकिटे पोहोचवणारा दलाल आपल्या डोळ्यांसमोर येतो, पण तो येथे अभिप्रेत नाही. लाच हा गुन्हा आहे आणि त्याविषयी नीतीचा प्रश्न फार काळ अडून बसत नाही. पेढीचे काम अधिक सफाईचे असते. येऊ घातलेल्या विधेयकाचा मसुदा ती वाचते आणि एखाद्या व्याख्येतील 'आणि'च्या जागी 'किंवा' आले तर अशिलाचे किती हित होईल ते ताडते. तज्ज्ञांच्या अहवालावर ती प्रतिटिपण तयार करते. अधिकाऱ्याला नवे कलम लिहायला वेळ नसेल तर ती ते लिहूनही देते. नियम लागू होण्याची तारीख सहा महिने पुढे जावी, आक्षेपांसाठी आणखी एक मुदत मिळावी, अजून एक समिती नेमली जावी, यासाठी ती कारणे पुरवते. या व्यवसायातील सर्वांत मोलाचा माल कोणता, असे विचारले तर उत्तर मुदतवाढ असेच द्यावे लागेल.

भारतात अशा कामाची नोंदवही ठेवणारा कायदा नाही. २०१३ साली लोकसभेत त्यासाठी एका सदस्याने खासगी विधेयक मांडले. त्याचा कायदा झाला नाही. परिणामी आपल्याच घरातील गोष्टी आपल्याला परदेशी कागदपत्रांतून कळतात. २०१२ च्या डिसेंबरात वॉलमार्ट कंपनीने अमेरिकन सिनेटकडे दाखल केलेली विवरणपत्रे प्रसिद्धीस आली. २००८ पासून कंपनीने लॉबिंगवर सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च केले होते आणि ज्या अनेक विषयांवर हा खर्च झाला त्यांत भारतातील गुंतवणुकीचाही विषय होता. त्यावरून आपल्या संसदेत गदारोळ झाला आणि न्यायमूर्ती मुकुल मुदगल यांची चौकशीसाठी नेमणूक झाली.

त्याहून जुने उदाहरण महाराष्ट्राचे स्वतःचे आहे. दाभोळच्या वीज प्रकल्पासंबंधी एन्रॉन कंपनीच्या एका अधिकारी बाईंनी १९९५ साली अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे साक्ष दिली. प्रकल्पाच्या प्रत्यक्ष खर्चाव्यतिरिक्त भारतीयांना 'शिक्षित' करण्यासाठी आणि प्रकल्पाची पूर्वतयारी करण्यासाठी सुमारे दोन कोटी डॉलर खर्च झाले, असे त्यांनी सांगितले. कोणाला शिकवले, काय शिकवले आणि त्या वर्गात दुसऱ्या बाजूचा शिक्षक होता काय, हे प्रश्न महाराष्ट्रात पुढे कित्येक वर्षे विचारले जात राहिले. २००१ साली राज्य वीज मंडळाने ती महागडी वीज घेणे थांबवले आणि माधव गोडबोले यांच्या समितीने या व्यवहारावर कठोर टीका केली. ज्या मंडळाची तिजोरी या करारात अडकली होती, त्याच मंडळाच्या विजेवर विदर्भातल्या विहिरीवरचे पंप चालत होते.

न्यायालयाची नीती

वकिली पेढी आपल्या समर्थनार्थ एक मुद्दा नेहमी मांडते. वकिलाचे कर्तव्य अशिलाशी असते. अशील चांगला की वाईट हे ठरवणारा तो कोण? जे न्यायालयात चालते ते मंत्रालयात का चालू नये?

या मुद्द्यात तथ्य आहे, म्हणून तो नीट तपासला पाहिजे. आरोपी कितीही निंद्य असो, त्याला वकील मिळालाच पाहिजे, हे सुसंस्कृत समाजाचे तत्त्व आहे. एखाद्या आरोपीचे वकीलपत्र कोणीही घेऊ नये, असे ठराव काही वकील संघटनांनी केले होते. असे ठराव व्यवसायाच्या नीतीविरुद्ध आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मोहम्मद रफी विरुद्ध तमिळनाडू राज्य या प्रकरणात स्पष्ट केले. ख्रिस्तसभेची परंपराही वकिलीकडे तुच्छतेने पाहत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा'त वकिलांसाठी एक स्वतंत्र प्रकरण राखून ठेवले आहे. वकिलाने योग्य मोबदला घेणे न्याय्य आहे, असे ते म्हणतात. त्याचबरोबर, जाणूनबुजून अन्याय्य पक्षाची बाजू लढवणारा वकील गंभीर पाप करतो आणि झालेली हानी भरून देण्यास तो बांधील असतो, असेही ते बजावतात.

परंतु न्यायालयातील वकिलाला जी मोकळीक मिळते ती फुकट मिळालेली नाही. तिच्यामागे एक संपूर्ण व्यवस्था उभी असते. समोर प्रतिपक्षाचा वकील असतो. तो प्रत्येक विधानाला हरकत घेऊ शकतो. वर न्यायाधीश असतो; त्याचा निकालात स्वतःचा स्वार्थ नसावा लागतो. दार उघडे असते; कोणीही येऊन ऐकू शकतो. निकालाची कारणे लिहावी लागतात आणि त्यावर अपील करता येते. या चार खांबांच्या आधारावरच आपण वकिलाला म्हणतो, 'तू एकच बाजू मांड, दुसरी मांडणारा आहे.' त्याचा एकांगीपणा निर्दोष ठरतो, कारण त्याला तोलणारे दुसरे पारडे तेथेच असते.

भारतीय वकील परिषदेच्या आचारनियमांत याविषयी एक नेमका नियम आहे. प्रलंबित प्रकरणासंबंधी न्यायाधीशाशी खासगीत बोलणे वकिलाला निषिद्ध आहे. मग हाच वकील जेव्हा मंत्रालयात जातो तेव्हा काय होते? प्रतिपक्ष नसतो, दार बंद असते, कारणे लिहिली जात नाहीत आणि अपील कोठे करावे हे कोणाला ठाऊक नसते. एका प्रकरणात जे खासगी बोलणे निषिद्ध, तेच कोट्यवधी लोकांना लागू होणाऱ्या कायद्याच्या बाबतीत संपूर्ण व्यवसाय होऊन बसते. न्यायालयाची मोकळीक पेढी सोबत घेऊन येते आणि ती मोकळीक ज्यांच्या बळावर मिळाली ते चारही खांब मागे ठेवून येते. नीतीची चूक होते ती नेमकी येथे.

हा विचार नवा नाही. १८४८ साली मेक्सिकोबरोबरचा तह घडवून आणणारे निकोलस ट्रिस्ट यांचे मानधन अमेरिकन सरकारकडे थकले होते. ते मिळवून देण्यासाठी त्यांनी चाइल्ड नावाच्या वकिलाशी करार केला. मिळेल त्या रकमेचा चौथा हिस्सा वकिलाचा. काँग्रेसने १८७१ साली रक्कम मंजूर केली. हिस्सा मात्र ट्रिस्ट यांनी दिला नाही आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १८७४ च्या सत्रात न्यायालयाने हा करारच लोकहिताविरुद्ध म्हणून रद्दबातल ठरवला. त्या निकालातील भेद आजही उपयोगी आहे. अर्ज लिहिणे, पुरावा गोळा करणे, वस्तुस्थिती मांडणे, समितीपुढे उघडपणे युक्तिवाद करणे, ही वकिलाची कौशल्याची कामे. त्यांचा मोबदला योग्य. लोकप्रतिनिधींवर वैयक्तिक वजन खर्च करणे हे वेगळे. त्याचा मोबदला मागता येत नाही. विशेष म्हणजे ट्रिस्ट यांची मागणी मुळात न्याय्य होती. साध्य न्याय्य असूनही साधन अशुद्ध ठरू शकते, हे न्यायालयाने ओळखले. पुढे अमेरिकेने हा व्यवसाय नोंदणीच्या अटीवर चालू दिला, तरी तो भेद पुसला गेलेला नाही.

आपल्या १८७२ च्या करार कायद्याच्या तेविसाव्या कलमातही असाच दाखला आहे. एकाने दुसऱ्याला सरकारी नोकरी मिळवून देण्याचे कबूल करावे आणि दुसऱ्याने त्याबद्दल एक हजार रुपये देण्याचे. तो करार रद्दबातल. जे विकता येत नाही ते विकायला काढले, हा त्यातला दोष. कौशल्य विकता येते. सार्वजनिक अधिकाऱ्याच्या मनात आपल्यासाठी असलेली जागा विकता येत नाही, कारण ती जागा आपल्या मालकीची नसते.

हामानाचा हुकूम

पवित्र शास्त्रात कायदा करवून घेण्याचे एक भयंकर उदाहरण आहे. एस्तेरच्या पुस्तकात हामान हा अहश्वेरोश राजाकडे जातो आणि सांगतो की, राज्यात एक लोकसमूह विखुरलेला आहे, त्याचे नियम वेगळे आहेत, त्याला राहू देणे राजाच्या हिताचे नाही. त्या लोकांचे नाव तो घेत नाही. त्यांच्या नाशाचा हुकूम निघावा म्हणून तो राजाच्या भांडारात दहा हजार किक्कार चांदी भरण्याची तयारी दाखवतो. राजा चौकशी करत नाही; बोटातली मुद्रिका काढून हामानाला देतो. ज्यांच्या जिवावर हा हुकूम उठणार त्यांच्यापैकी कोणीही त्या दालनात नाही.

एस्तेरने काय केले ते याच्या शेजारी ठेवून पाहावे. तिनेही राजाकडे रदबदलीच केली. परंतु तिने हामानाला मेजवानीला बोलावले आणि तो समोर बसलेला असताना त्याच्यावर आरोप केला. त्यासाठी तिने आपला जीव धोक्यात घातला आणि रदबदली केली ती ज्यांना बोलण्याची सोय नव्हती त्यांच्यासाठी. हामान आणि एस्तेर या दोघांनीही राजाचा कान मिळवला. पण एकाने अनुपस्थित माणसाचा घात केला आणि दुसरीने अनुपस्थित माणसाला दालनात आणले. कायद्याच्या दाराशी जाणाऱ्या प्रत्येक वकिलाला हाच प्रश्न विचारता येतो: तुझ्या जाण्याने अनुपस्थित माणूस आत आला, की आणखी दूर गेला?

यवतमाळचे शेत

हा प्रश्न पुस्तकी वाटू नये म्हणून यवतमाळ जिल्ह्याकडे पाहू. २०१७ सालच्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत या जिल्ह्यातील कापसाच्या शेतांत फवारणी करणारी माणसे एकामागून एक आजारी पडू लागली. काहींची दृष्टी गेली, काहींना उलट्या सुरू झाल्या, काही बेशुद्ध झाले. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात खाटा अपुऱ्या पडल्या. जिल्ह्यात सुमारे आठशे जणांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जण दगावले. त्यांत अल्पभूधारक शेतकरी होते आणि रोजमजुरीवर दुसऱ्याच्या शेतात पाठीवर पंप घेऊन फिरणारे शेतमजूर होते. डोक्याइतक्या वाढलेल्या कापसात फवारा अंगावर येतो. उकाड्यात अंगावर धड कपडा ठेवणे कठीण, मग हातमोजे आणि मुखवटा कोठून?

त्या वेळी देशात कीटकनाशकांचा कायदा होता तो १९६८ चा. तो बदलण्यासाठी २००८ साली राज्यसभेत विधेयक आले होते. त्याचा कायदा झाला नाही. यवतमाळच्या घटनेनंतर २०२० साली दुसरे विधेयक आले आणि ते २०२१ साली संसदेच्या स्थायी समितीकडे गेले. दरम्यान, इतर देशांत बंदी असलेली पण भारतात वापरली जाणारी ६६ कीटकनाशके तपासण्यासाठी केंद्र सरकारने २०१३ साली अनुपम वर्मा समिती नेमली होती. त्याच वर्षी बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतले माध्यान्ह भोजन खाऊन २३ मुले मृत्युमुखी पडली. त्या अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले होते. मे २०२० मध्ये सरकारने २७ कीटकनाशकांवर बंदी घालण्याच्या आदेशाचा मसुदा प्रसिद्ध केला. मोनोक्रोटोफॉस त्यांत होते. उद्योगांनी हरकती घेतल्या, मुदत वाढली, आणखी एक समिती बसली. २०२३ साली अंतिम आदेश निघाला तेव्हा त्या २७ पैकी चारच नावे त्यात उरली होती. त्या चारांत मोनोक्रोटोफॉस होते; सारणच्या मुलांनंतर दहा वर्षांनी आणि यवतमाळच्या मजुरांनंतर सहा वर्षांनी.

या विलंबाचे खापर अमुक एका पेढीवर किंवा कंपनीवर फोडण्याचा येथे हेतू नाही. हरकती घेण्याचा उद्योगांना हक्क होता आणि काही हरकती शास्त्रीयही असतील. येथे विचार करायचा तो एकाच गोष्टीचा: त्या सर्व वर्षांत दालनात कोण होते? मसुदा राजपत्रात प्रसिद्ध होतो तो हिंदी आणि इंग्रजीत. उद्योगाकडे तो त्याच दिवशी वाचणारे कायदेतज्ज्ञ असतात. मारेगावच्या किंवा झरीच्या शिवारात फवारणी करणारा कोलाम मजूर घरी कोलामी बोलतो, बाजारात वऱ्हाडी. त्याच्यापर्यंत तो मसुदा कोणत्या भाषेत आणि कोणाच्या हातून पोहोचणार? त्याचे शरीर हाच खरा पुरावा होता. पण हरकतींच्या फायलीत शरीर जोडता येत नाही.

याच घटनेला एक दुसरी बाजूही आहे. २०२० साली यवतमाळच्या ५१ बाधित कुटुंबांच्या वतीने स्वित्झर्लंडमध्ये एका बहुराष्ट्रीय कंपनीविरुद्ध ओईसीडीच्या संपर्ककेंद्राकडे तक्रार करण्यात आली. दोन मृत शेतकऱ्यांच्या विधवा आणि एक बचावलेला शेतकरी यांनी त्याच कंपनीविरुद्ध बासेल येथे दिवाणी दाव्याचा मार्ग धरला. आपले उत्पादन या घटनेस कारण नाही, असे कंपनीने सांगितले. तेथे कंपनीच्या वतीने जो वकील उभा राहील त्याला आपण दोष देऊ नये. तो समोरासमोर बोलेल, त्याच्या प्रत्येक वाक्याला उत्तर देणारा वकील त्या विधवांच्या बाजूने उभा असेल. तोच युक्तिवाद, तीच कंपनी, तेच कौशल्य. उघड्या न्यायासनापुढे ते निर्दोष आहे. बंद दालनात त्याला तेवढे निर्दोषत्व सांगता येणार नाही.

या जिल्ह्याने कायद्याशी लढण्याची एक वेगळी रीतही पाहिली आहे. वणी येथे जन्मलेले आणि यवतमाळला वकिली करणारे लोकनायक माधव श्रीहरी अणे यांना जंगलाचा कायदा अन्यायाचा वाटला. जुलै १९३० मध्ये पुसद येथे त्यांनी सत्याग्रहाचे नेतृत्व केले, राखीव जंगलातले गवत उघडपणे कापले आणि शिक्षा भोगली. कायदा बदलावा म्हणून वकिलाने सत्तेवर दबाव आणण्याचाच तो एक प्रकार होता. पण तो भरदिवसा होता आणि त्याची किंमत अशिलाने न देता वकिलाने स्वतः दिली.

आक्षेपांचा विचार

यावर काही रास्त आक्षेप येतील. पहिला असा की, आमदार-खासदार सर्वज्ञ नसतात. रसायने, विमा, दूरसंचार या विषयांतले बारकावे त्यांना कोणीतरी सांगितलेच पाहिजेत. जाणकार वकिलांनी ते सांगितले तर बिघडले काय? काहीही बिघडले नाही, जर सांगितलेले कागदावर असेल आणि तो कागद इतरांना पाहता येत असेल. २०१४ साली केंद्र सरकारने असे धोरण ठरवले की कायद्याचा मसुदा निदान तीस दिवस लोकांपुढे ठेवावा आणि आलेल्या सूचनांचा गोषवारा प्रसिद्ध करावा. ज्ञान द्यायचे असेल तर हे दार उघडे आहे. या दाराने जाण्याऐवजी दुसरे दार ठोठावले जाते, तेव्हा ज्ञानाखेरीज आणखी काहीतरी सोबत नेले जात आहे, अशी शंका यावी.

दुसरा आक्षेप आपल्यालाच उद्देशून आहे. ख्रिस्ती समाज तरी काय करतो? शाळेचे अनुदान, दफनभूमीची जागा, अल्पसंख्याकांचे हक्क यांसाठी आपले धर्मगुरू आणि पुढारी मंत्र्यांकडे जातातच. हे लॉबिंग नव्हे काय? होय, आहे, आणि त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती बांधव अनुसूचित जातींच्या सवलतींपासून वंचित राहिले. त्यांच्यासाठी ख्रिस्तसभेने निवेदने दिली, मोर्चे काढले, १० ऑगस्ट हा निषेधाचा दिवस पाळला. सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून हा प्रश्न मांडला गेला. मागणी काय, ती कोणाची, तिच्यासाठी कोण उभे आहे, हे सर्वांना ठाऊक आहे आणि विरोध करणाऱ्यांनाही तो करता आला आहे. मात्र हीच कसोटी आपल्या प्रत्येक कामाला लावली पाहिजे. एखाद्या संस्थेला नियम डावलून परवानगी मिळावी म्हणून कोणी 'आपल्या माणसा'मार्फत शब्द टाकला, तर संस्थेच्या पाटीवर संताचे नाव आहे म्हणून तो शब्द पवित्र होत नाही.

तिसरा आक्षेप कायद्याचा आहे: जे बेकायदा नाही ते निषिद्ध कसे? लोकप्रतिनिधींनी वकिली करू नये, अशी मागणी करणारी याचिका सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. तशी बंदी घालणारा नियमच नाही, असे न्यायालयाने सांगितले. न्यायालयाचे काम तेथे संपते. विवेकबुद्धीचे काम तेथून सुरू होते. ज्या सभागृहात मी मत देणार, त्याच सभागृहाच्या निर्णयावर ज्याचे भवितव्य ठरणार त्याच्याकडून मी शुल्क घ्यावे काय? कायदा गप्प आहे म्हणून हा प्रश्न गप्प बसत नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथॉलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथात सातव्या आज्ञेच्या विवरणात, म्हणजे चोरीच्या सदरात, एक बाब आवर्जून नोंदवली आहे: कायद्यानुसार निर्णय घेणे ज्यांचे कर्तव्य आहे त्यांची निर्णयबुद्धी भ्रष्ट करणे. ही चोरी कशी? सर्वांचे जे सामायिक आहे, म्हणजे निःपक्षपाती निर्णय, ते एकाने गुपचूप उचलून नेले म्हणून.

आपल्या घरात

हा विषय दिल्ली-मुंबईच्या पेढ्यांचा आहे, आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणू नये. आपली मुले-मुली आता मोठ्या संख्येने कायद्याच्या शिक्षणाकडे वळत आहेत. मोठ्या पेढीत नोकरी लागली की घरात पेढे वाटले जातात आणि ते योग्यच आहे. पण पगार किती, या प्रश्नानंतर काम कोणते, हा प्रश्नही आईवडिलांनी विचारला पाहिजे. मुलगा घरी आल्यावर सांगू शकेल ना, की आज मी कोणासाठी कोणापुढे काय बोललो? अशिलाची गुपिते त्याने जरूर राखावीत. परंतु आपले स्वतःचे कामच ज्याला गुपित ठेवावे लागते, त्याने थांबून विचार करावा. मी देतो ते कौशल्य की माझी ओळख? ज्याच्यावर परिणाम होणार त्याचे म्हणणे मी मांडले, निदान दडवले तरी नाही ना? आणि हेच वाक्य मी त्या माणसाच्या देखत उच्चारू शकेन काय?

शिवाय वशिल्याची चटक वरूनच खाली येते असे नाही. ती खालूनही वर जाते. प्रवेशासाठी चिठ्ठी, बदलीसाठी फोन, रांगेत पुढे जाण्यासाठी ओळख, हे आपण सहज करतो आणि त्याला 'काम करून घेणे' म्हणतो. रांगेत मागे उभा असलेला माणूस आपल्याला दिसत नाही, एवढेच. ज्या समाजात प्रत्येक घर आपापल्या बळानुसार लहानसे बंद दालन शोधत असते, त्या समाजाला मोठ्या दालनांची चीड मनापासून येत नाही. आली तरी तिच्यात थोडा हेवा मिसळलेला असतो.

वकिलांचे आश्रयदाते संत इव्हो हे तेराव्या शतकात ब्रिटनी प्रांतात होऊन गेले. गोरगरिबांचे खटले त्यांनी मोबदला न घेता चालवले आणि १३४७ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले. त्यांच्या मार्गाने जाणाऱ्यांसाठी आपल्या जिल्ह्यांत काम पडून आहे. कायद्याचे मसुदे मराठीत समजावून सांगणारे, शेतमजुराची हरकत लिहून ती मुदतीत पोहोचवणारे, बाधित कुटुंबाची कागदपत्रे जुळवणारे वकील हवे आहेत. हेही लॉबिंगच आहे. फक्त त्यात दार उघडायचे असते ते दुसऱ्यासाठी. पेढीचा वकील आठवड्यातून एक सायंकाळ यासाठी देऊ शकला तर त्याच्या सनदेचे सोने होईल.

यशया संदेष्ट्याने ज्यांना धिक्कारले त्यांत अन्यायाचे कायदे लिहिणारे लेखक आहेत. कारण त्यांच्या लेखणीमुळे दुबळ्यांचा न्याय हिरावला जातो आणि विधवा लुटल्या जातात. त्या काळीही मसुदा लिहिणारा हात वेगळा आणि हुकूम देणारा वेगळा असला पाहिजे; संदेष्ट्याने लिहिणाऱ्या हाताला मोकळे सोडले नाही. परमगुरू फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात हेच आजच्या भाषेत सांगितले. आर्थिक हितसंबंध सर्वांच्या हितावर कुरघोडी करतात आणि आपल्या योजनांना बाध येऊ नये म्हणून माहितीचीही मोडतोड करतात, असे ते म्हणाले.

मराठी बायबलमध्ये पवित्र आत्म्यासाठी आणि पित्याजवळ आपली बाजू मांडणाऱ्या ख्रिस्तासाठी 'कैवारी' हा शब्द योजला आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ साहाय्यासाठी जवळ बोलावलेला. वकील असाही त्याचा अर्थ होतो. वकिलीच्या व्यवसायाला याहून मोठा मान कोणी दिला नसेल. या कैवाऱ्याला कोणी शुल्क दिलेले नाही, कारण देण्यासारखे कोणापाशी काही नव्हते. आणि त्याने मागितले ते एका घराण्यासाठी किंवा एका पेढीसाठी मागितले नाही. आपल्या कुटुंबातून वकील व्हावेत, पुष्कळ व्हावेत, हुशार व्हावेत. त्यांनी मंत्रालयाच्या पायऱ्याही चढाव्यात. मात्र तेथे पोहोचल्यावर, पाठीवर पंप घेऊन कापसाच्या ओळींतून चाललेल्या माणसासाठी एक खुर्ची रिकामी आहे की नाही, एवढे त्यांनी आधी पाहावे आणि मग बोलायला सुरुवात करावी.